साड्यांचं कुंपण

मोतीलाल नगराळे रिटायर झाला तेव्हा डेपोतल्या लोकांनी त्याला आरामखुर्ची भेट दिली. देणारे सगळे त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते, म्हणजे ही खुर्ची त्यांनी चेष्टेनंच दिली असणार. मोतीलाल बसलेला दिसायचा तो फक्त एस.टी.च्या स्टिअरिंगमागे, आणि तिथंही तो टेकून कधी बसला नाही. खुर्ची वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या घरी आली, ओसरीत मांडली गेली आणि पहिल्याच आठवड्यात कौशल्याबाईनं तिच्यावर पापड वाळत घातले. मोतीलालनं हरकत घेतली नाही. आपल्याला बसायला कोणी सांगत नाही याचं त्याला बरंच वाटलं असावं.

पहाटे पहिल्या गाडीची वेळ झाली की त्याचे डोळे आपोआप उघडायचे. अंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट, सगळं जिथल्या तिथं. आणि मग जायला कुठंच नाही. चहा तो फाटकाशी उभ्या उभ्या प्यायचा. मग पायी पायी बसस्टँड गाठायचा, कोणती गाडी उशिरा सुटली ते डोळ्यांनी पाहायचा, आणि प्रवासी आपल्याच नावानं ओरडतायत अशा तावात घरी परत यायचा. कौशल्याबाई म्हणायची, "तुमाले घरात पाहुण्यासारखं वाटते, म्हून बूड टेकत नाई तुमचं." तो हसायचा. त्याला ती थट्टा वाटायची. तिच्या चेहऱ्याकडे त्यानं नीट पाहिलं असतं तर त्याला ती थट्टा वाटली नसती.

खरं सांगायचं तर घर तिनंच उभं केलं होतं. पाया खणला तेव्हा मोतीलाल चंद्रपूरच्या मुक्कामी गाडीवर होता आणि स्लॅब पडला तेव्हा यात्रेच्या ज्यादा गाड्यांवर. दोन लेकरं, सासू, बांधकामाचे मजूर, सिमेंट, सळई, सगळं तिनं एकटीनं ओढलं. बांधकामाच्या पाण्यासाठी परसात एक सिमेंटचं टाकं बांधलं होतं. घर झालं की लोक असली टाकी फोडून टाकतात. कौशल्याबाईनं फोडू दिलं नाही. तिनं त्याच्या तळाशी शेजारच्या नत्थूजींच्या वावरातली काळी माती टाकली, त्यात कुजलेलं शेणखत कालवलं, वर रेतीचा थर दिला आणि कमळाचा कंद लावला. कंद तिनं माहेरच्या तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराच्या बाईकडून मागून आणला होता. लहानपणी त्या तलावाच्या काठावर ती तासन् तास उभी राहायची म्हणे. हेही मोतीलालला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि तेही ती दुसऱ्या कोणाला सांगत होती म्हणून.

कंद जगला. पानं आली, ताटाएवढी झाली. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले, तेही वाढले. कळ्या येऊ लागल्या. उमललेलं फूल मात्र कौशल्याबाईनं आपल्या टाक्यात एकदाही पाहिलं नव्हतं, कारण कळी भरत आली की वानरं यायची.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात रानातलं पाणी आटलं की काळ्या तोंडाची वानरं टोळीटोळीनं वस्तीत येतात, हे इथल्या कोणाला सांगावं लागत नाही. भिंतीवरून, गच्चीवरून, डिश अँटेनावरून, लेकराबाळांसकट येतात. टाक्यावर ओणवी होऊन पाणी पितात. एवढ्यावर थांबली असती तर कौशल्याबाईचं काहीच म्हणणं नव्हतं. पण पाणी पिऊन झालं की त्यांतलं एखादं हात लांबवून कळी देठासकट ओढायचं आणि माणूस मक्याचं कणीस सोलतो तशी एकेक पाकळी काढून खायचं. अर्धी खाऊन अर्धी टाकायचं, हे तिला जास्त लागायचं. पूर्ण तरी खा म्हणावं.

यंदा होळीनंतर ती अशाच एका तरण्या वानरावर काठी घेऊन धावली. टाक्याच्या ओल्या कठड्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मोतीलाल त्या वेळी बसस्टँडवर गाड्यांची वेळ बघत होता. नत्थूजींनीच तिला उचललं, आपल्या गाडीत घातलं आणि सावंगीच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण घरी आल्यावर तिचं करणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा हिंगणघाटला राहणारी मुलगी मेघा सरळ म्हणाली, "बाबा, तुमाले चहा बी धड करता येत नाई. आईले मी घेऊन जातो." मेघा शाळेत शिकवते, तिचं बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं असतं. मोतीलालला वाईट वाटलं, पण खोडून काढावं असं त्यात काही नव्हतं.

गाडीत बसल्यावर कौशल्याबाईनं काच खाली केली.

"टाक्याकडं पाह्यजा," ती म्हणाली. "कळी आली का तेवढी जपा. एक डाव मले उमललेलं पाहू द्या. बस."

"त्यात काय वं!" मोतीलाल म्हणाला.

भरलेली गाडी चिखलदऱ्याच्या घाटातून धुक्यात उतरवणारा माणूस तो. एक कळी सांभाळायची म्हणजे त्याला काय मोठं वाटणार! पण गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि तो परसात येऊन टाक्यासमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. संसारात तिनं त्याच्याकडे मागितलं असं त्याला काही आठवेना. आज मागितलं होतं. ते आपल्याकडून झालं नाही तर तिला तोंड कसं दाखवायचं, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

आता तो बसस्टँडवर जाईना. टाक्याभोवती फेऱ्या मारू लागला. पायाखालचं गवत आठवड्यात पिवळं पडलं.

पहिली कळी आली तेव्हा त्यानं टाक्यावर तारेची जाळी ताणली. मोठ्या ऐटीत फोनवर सांगितलंही. दोन दिवसांनी कळीनं मान वर काढली, जाळीला डोकं टेकलं आणि वाकडी झाली.

"जाळी टाकली?" पलीकडून कौशल्याबाई ओरडली. "अवं बापा, कळी का जमिनीवर सरपटते? थिले वर यायले जागा पाह्यजे! काढा थे जाळी."

त्यानं जाळी काढली. वाकडी झालेली कळी दुपारपर्यंत वानरांनी नेली.

दुसऱ्या कळीच्या वेळी तो हायवेवरच्या भंगारवाल्याकडून ट्रकचा भोंगा घेऊन आला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडला. वानर दिसलं की बटण दाबायचं. पहिल्या दिवशी टोळी अशी पळाली की एकाची शेपटी दोरीवरच्या कपड्यात अडकली. मोतीलाल एकटाच परसात उभा राहून हसला. पण वानरांबरोबर सगळी गल्ली घराबाहेर आली होती. मागच्या घरात तान्हं बाळ होतं, त्याची आजी फाटकाशी येऊन काय काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. चौथ्या दिवशी वानरांना कळलं की हा नुसताच ओरडतो, अंगावर येत नाही. भोंगा वाजत राहिला आणि एक म्हातारी वानरीण कठड्यावर बसून निवांत कळी सोलत राहिली. मोतीलालनं बटणावरचं बोट काढलं आणि डोक्याला हात लावला.

मग कोणी सांगितलं म्हणून त्यानं जत्रेतला कापडी वाघ आणून टाक्यापाशी बसवला. त्याच्याविषयी फार बोलू नये. दुसऱ्या दिवशी वानरांची पिल्लं त्याच्या पाठीवर घसरगुंडी खेळत होती.

रोज सकाळी हिंगणघाटहून फोन यायचा. कौशल्याबाई आधी कळीचं विचारायची आणि नंतर त्याच्या जेवणाचं. "एक गेली," तो सांगायचा. ती म्हणायची, "बरं." तो "बरं" ऐकून त्याला जेवण जाईना. ती चिडली असती, बोलली असती तर सोपं होतं. पण तिच्या "बरं"मध्ये राग नव्हता, सवय होती. मोतीलाल येणार म्हणाला आणि आला नाही, असं ती कितीदा तरी "बरं" म्हणून सोडून देत आली असणार, असं त्याला पहिल्यांदाच वाटून गेलं. त्यावर तो अधिकच जोरात फेऱ्या मारू लागला.

नत्थूजींबरोबर त्याची जुनी कुरबुर होती. नत्थूजी मूळचे शेतकरी. मुलाची नोकरी वर्ध्यात म्हणून इकडे राहायला आलेले, पण पवनारच्या वाटेवरचं वावर अजून स्वतः पाहतात. दर शनिवारी ते वानरांना चणे, गूळ आणि शिळ्या पोळ्या घालायचे.

"शनिवारी तुमच्या घरी जेवतेत अन् आठवडाभर माह्या घरी," मोतीलाल म्हणायचा. "तुमचं पुण्य, अन् खर्च माह्या बायकोचा."

"मोतीलालभाऊ, मुक्या जिवाले काय समजते कोणाची भिंत कोणती!" नत्थूजी हसून सोडून द्यायचे. पण कौशल्याबाई पडली तेव्हापासून ते पोळ्या भिंतीवर ठेवत नव्हते. लांब मैदानात नेऊन टाकायचे, तेही कोणाला न सांगता. मोतीलालनं ते पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याचंही तोंड बंद झालं होतं.

त्या मंगळवारी सकाळी मोतीलालला टाक्यात नवी कळी दिसली. बोटभर देठावर, घट्ट मिटलेली, हिरवट. फोनवर मेघा सांगत होती की पुढच्या आठवड्यात आईला दाखवायला न्यायचं, डॉक्टर हो म्हणाले की वैशाख पुनवेच्या आधी घरी सोडते. मोतीलालनं बोटांवर हिशेब केला. जमलं तर हीच कळी. यानंतरची तिच्या येण्यापर्यंत वर येईल की नाही, कोणी सांगावं.

तो भिंतीशी गेला. "नत्थूजी, तुमच्या वावरात डुकरं येतेत, रोही येतेत. तुमी काय करता?"

"मी? साड्या बांधतो."

हे मोतीलालनं बसच्या काचेतून हजारदा पाहिलं होतं. हिंगणघाटच्या रस्त्यानं, वणीच्या रस्त्यानं, कपाशीच्या आणि तुरीच्या वावराभोवती काठ्या रोवून त्यांना लाल, हिरव्या, निळ्या साड्या ताणलेल्या. वाऱ्यानं सळसळतात, आत कोणी उभं आहे असं डुकराला, नीलगाईला वाटतं. पण तो नेहमी त्यांच्याजवळून गाडी पळवत पुढे गेला होता.

"वानर भिते?"

"डुक्कर भिते, रोही भिते. वानर लबाड, पण बिचकते. थोडे दिवस तरी येणार नाई." नत्थूजी भिंतीवर हात टेकून सविस्तर सांगायला लागले. "पण नवी साडी नको. अंगावर वापरलेली पाह्यजे, जुनी. माणसाचा वास राह्यते तिच्यात. रविवारच्या बाजारात जुन्या साड्यांचे गठ्ठे भेटतेत. मी जाणारच हावो, तुमच्यासाठी बी एक आणतो."

रविवारपर्यंत थांबायचं होतं, इतकंच. दुसरा कोणीही माणूस थांबला असता. पण मोतीलाल दिवसभर टाक्याभोवती फिरला आणि त्याला प्रत्येक फांदीवर शेपटी दिसली. चार वाजता तो घरात शिरला आणि त्यानं कौशल्याबाईच्या कपड्यांना हात घातला.

तो काही अविचारी नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. कपाटात हँगरला लावलेल्या चांगल्या साड्या होत्या, मेघाच्या लग्नातली होती, पोरानं, अश्वजितनं, पुण्याहून आणलेली प्लास्टिकच्या पिशवीतली होती. त्यांतल्या एकीलाही त्यानं हात लावला नाही. पलंगाखालून लोखंडी पेटी ओढली. वर गोधड्या, स्वेटर, आणि तळाशी पांढऱ्या कापडात बांधलेलं एक गाठोडं. त्यात सुकलेला कडुलिंबाचा पाला आणि जुन्या, विटलेल्या साड्या. एकीला डाग, एकीला जळलेलं भोक, एकीचा काठ उसवलेला. वास घेऊन पाहिला. माणसाचा होता. भांड्यावर घालायला बाजूला काढून ठेवल्या असतील, मोतीलालच्या मनात आलं, आणि नेमक्या हव्या तशाच सापडल्या म्हणून तो खूश झाला.

संध्याकाळच्या आत त्यानं टाक्याभोवती बांबू रोवले आणि साड्या ताणून बांधल्या. टपावरच्या सामानावर ताडपत्री बांधायची गाठ त्याला पक्की येत होती, तीच मारली. उन्हाळी वारा सुटलेलाच होता. साड्या फडफडायला लागल्या.

सकाळी टोळी आली. नत्थूजींच्या भिंतीवर ओळीनं बसली. मोठा नर मान तिरकी करून पाहत राहिला. पांढरी साडी एकदम फुगली आणि फाटकन् सरळ झाली, तसा तो खोकल्यासारखा आवाज काढून मागे सरला. मग सगळी टोळीच मागे सरली आणि गच्च्यांवरून पलीकडे गेली. मोतीलालनं दोन्ही हात वर केले. आयुष्यात प्रवाशांच्या शिव्या खूप खाल्ल्या होत्या, शाबासकी क्वचित मिळालेली. आज ती त्यानं स्वतःलाच दिली.

पण स्वस्थता त्याच्या नशिबी नव्हतीच. वानरं येईनात तर ती का येत नाहीत याची त्याला काळजी लागली. वारा पडला की तो स्वतः साड्या हलवायचा. जेवताना ताट घेऊन परसात यायचा. कळी फुगत चालली, टोकाशी गुलाबी झाली, आणि आता वेगळाच घोर लागला. कमळ उमललं की थोडेच दिवस टिकतं. ही बया कौशल्या यायच्या आधीच उमलली तर? ज्यानं कधी धावत्या प्रवाशासाठी गाडी थांबवली नव्हती, तो रोज सकाळी कळीसमोर उभा राहून म्हणायचा, "थांब ना थोडीशी. येऊनच राह्यली थे."

"रंग कोणता दिसून राह्यला?" कौशल्याबाईनं एकदा फोनवर विचारलं.

"गुलाबी."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. त्या दिवशी कळीच्या नादात ती जेवणाचं विचारायला विसरली. मोतीलालला त्याचाच आनंद झाला.

साड्यांचं त्यानं तिला सांगितलं नव्हतं. येईल तेव्हा एकदमच दाखवू, असा त्याचा बेत होता.

पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी मेघाची गाडी फाटकाशी थांबली, आणि त्याच सकाळी कमळ उमललं होतं. मोतीलालनं हे पहाटेच पाहिलं होतं. तेव्हापासून तो फाटक ते टाकं आणि टाकं ते फाटक असा इतक्या वेळा गेला होता की त्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. कौशल्याबाई वॉकर टेकत टेकत उतरली. बारीक झाली होती. तिला धड आत येऊही न देता तो म्हणाला, "चाल, आधी इकडे चाल. परसात."

"बाबा, तिले बसू तरी द्या," मेघा म्हणाली.

"पाच मिन्टं. मंग बस म्हणा दिवसभर."

मेघा पिशव्या घेऊन आत चहा ठेवायला गेली. ही दोघं घराला वळसा घालून परसात आली. साड्यांच्या मधली एक फट मोतीलालनं पडद्यासारखी बाजूला केली. आत, काळ्या पाण्यावर, पानांच्या वर हातभर उंच, कमळ उभं होतं. पूर्ण उमललेलं. मोतीलालनं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाहताना तिचा चेहरा कसा होतो, हे त्याला बघायचं होतं.

कौशल्याबाईनं कमळाकडे पाहिलं. मग त्यानं हातात धरलेल्या कापडाकडे पाहिलं. मग मान वळवत वळवत तिनं टाक्याभोवतीच्या सगळ्या बांबूंवरून नजर फिरवली.

"पाह्यलं का?" मोतीलाल म्हणाला.

"पाह्यलं," ती म्हणाली. "छान हाये." आणि थोड्या वेळानं, "ह्या कोणी काढल्या?"

"मीच. नत्थूजीनं आयडिया देली. पण मी जुन्याच घेतल्या, बरं! कपाटातल्या एका साडीले बी हात नाई लावला."

त्यानं हे अभिमानानं सांगितलं. सांगून झाल्यावरही तो तिच्या तोंडाकडे शाबासकीसाठी पाहत होता. कौशल्याबाईनं वॉकर पुढे सरकवला आणि जवळच्या बांबूवरची गाठ सोडू लागली. गाठ ताडपत्रीची होती. ती काही सुटेना.

"अवं, काऊन सोडून राह्यली? वानरं येतीन!"

"सोडा," ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. पण मोतीलाल पुढे झाला आणि त्यानं गाठ सोडली. हिरवी सुती साडी होती, डाग पडलेली. कौशल्याबाईनं ती हातात घेऊन धूळ झटकली.

"ही मेघाच्या वेळची," ती म्हणाली. "ही नेसून मी रिक्षात बसून दवाखान्यात गेलती. एकटी. तुमी चंद्रपूरच्या गाडीवर होते. लेकीचं तोंड तिसऱ्या दिवशी पाह्यलं तुमी." तिनं घडी घालून साडी वॉकरच्या दांडीवर ठेवली. "दुसरी सोडा."

दुसरी त्यानं सोडली. जळक्या भोकाची.

"ही माह्या मायच्या वेळची. माय गेली तवा तुमी यात्रेची स्पेशल घेऊन गेलते. निरोप डेपोत देला होता मी. तुमी चार दिवसांनी आले अन् विचारलं, जेवाले काय हाये."

मोतीलालनं तोंड उघडलं. निरोप मिळाला नव्हता असं त्याला म्हणायचं होतं. पण मिळाला होता की नव्हता, हेच त्याला आठवेना. त्याला लाज वाटली. इतकी की कानाच्या पाळ्या तापल्या.

पांढऱ्या साडीजवळ ती जरा थांबली. वाऱ्यानं आणि बांबूच्या टोकांनी तिचा पदर चिरला होता. तो तिनं बोटांनी जुळवून पाहिला.

"दीक्षाभूमीले पहिल्यांदा नेसून गेलती ही. दसऱ्याले दरवर्षी तुमी नागपूरच्या ज्यादा गाड्या चालवत होते. साऱ्या वस्तीतल्या बाया तुमच्या गाडीत बसून गेल्या, गाणे म्हणत. मी अश्वजितले कडेवर घेऊन दुसऱ्याच्या गाडीत, उभ्यानं गेली. तुमच्या गाडीत जागा उरली नव्हती म्हणे."

"तू सांगतलं काऊन नाई मले?"

"कधी सांगू? तुमी थांबत होते का?"

त्यानं पुढच्या बांबूला हात घातला. तो एकेक गाठ सोडत गेला आणि ती एकेक सांगत गेली. अश्वजितला तापात झटके आले तेव्हा पदरात गुंडाळून नेलं ती जांभळी. घराच्या पायाला नारळ फोडला ती केशरी. जगभराची माणसं आपण वेळेवर पोचवली, हे मोतीलालनं डेपोच्या निरोप समारंभात छाती काढून सांगितलं होतं. ते खरंही होतं. फक्त या सोडलेल्या साड्यांतल्या एकाही दिवशी तो पोचला नव्हता, आणि कोणत्या दिवशी पोचलो नाही हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. म्हणून तर हात पडला तो नेमका त्याच साड्यांवर. दुसऱ्या कोणाला इतकी अचूक निवड जमली नसती.

शेवटी एकच उरली. मोरपंखी रंगाची, काठ उसवलेली. तिची गाठ सोडली तेव्हा टाकं चहूबाजूंनी उघडं झालं. एक टोक मोतीलालच्या हातात होतं, दुसरं कौशल्याबाईनं धरलं.

"अन् ही?" या वेळी त्यानंच विचारलं. विचारताना त्याला भीती वाटली.

तिनं उसवलेल्या काठावरून बोट फिरवलं.

"ही तुमी आणली होती," ती म्हणाली.

"मी?"

"हाव. एकच डाव. वणीच्या मुक्कामाहून. लग्नाले वरीस बी झालं नव्हतं."

मोतीलालनं डोळे बारीक केले. वणीचा रस्ता त्याला अजून पाठ होता. कोणत्या पुलावर गाडी हळू करायची, कोणत्या फाट्यावर म्हातारी दुधाची कॅन घेऊन उभी असायची, सगळं डोळ्यासमोर आलं. साडी येईना. दुसऱ्या कोणत्याही दिवशी तो "हो हो, आठवते ना" म्हणून मोकळा झाला असता.

"नाई आठवत मले," तो म्हणाला. "सांग."

कौशल्याबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विचारतोय की वेळ मारून नेतोय, हे पाहावं तसं पाहिलं. मग साडी हातावर घेत ती सांगू लागली, "तवा आपण हिंगणघाटले भाड्याच्या खोलीत राहत होतो. तुमी पहाटे आले. चपला हातात घेऊन, कोणाची झोप मोडू नये म्हून..."

मोतीलालच्या मागे भिंतीवर धप्प आवाज झाला. मग दुसरा. मग पानावर पाणी सांडल्यासारखं काही. हे आवाज त्याला आता झोपेतही ओळखू आले असते. त्याचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. त्यानं कौशल्याबाईकडे पाहिलं. तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली होती, टाक्यावर. तिला सगळं दिसत होतं. तिनं एक शब्द उच्चारला असता तर तो धावला असता, कमळ वाचलंही असतं.

तिचं बोलणं थांबलं नाही. "मी जागीच होती," ती म्हणाली. "डोळे मिटून पडली होती. तुमी पिशवी माह्या उशाशी ठेवली, अन् तसेच उभे राह्यले."

मोतीलालनं पाय खाली टेकवला. मागे देठ मोडल्याचा आवाज आला. त्यानं मान वळवली नाही. साडीचं टोक नीट धरून तो तिच्या एक पाऊल जवळ सरकला.

"मंग?" त्यानं विचारलं.